न घडलेल्या शेवटाच्या बाजूने

जून १९७३चा अंक म्हणून निघालेल्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, एका उंच पुलावरून खाली लोटतो. स्पायडर-मॅन जाळ्याचा धागा सोडतो, तो तिच्या पायाला नेमका चिकटतो, आणि तिला वर ओढून घेतल्यावर त्याला कळते की ती केव्हाच गेली आहे. अंकातील मजकूर त्या पुलाला जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हणतो आणि चित्रात मात्र ब्रुकलिनचा पूल दिसतो, ही चूक पुढे बरीच चर्चिली गेली. वाचकांच्या मनात रुतून बसले ते मात्र ग्वेनच्या मानेजवळ लिहिलेले एक छोटे ध्वनिचिन्ह. कटकन काही मोडल्याचा तो आवाज होता, आणि त्याचा अर्थ असा होत होता की तिला वाचवण्यासाठी सोडलेल्या धाग्याच्या हिसक्यानेच तिची मान मोडली. पुढे पत्रव्यवहाराच्या सदरात संपादकांनीही ते मान्य केले. नायकाने वेळेवर, नेम न चुकता, जे करायला हवे तेच केले आणि त्यातूनच मृत्यू ओढवला.

त्यानंतर सात वर्षांनी, १९८० साली, स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्याच ‘व्हॉट इफ’ (‘असे झाले असते तर’) या मालिकेच्या २४व्या अंकात तो प्रसंग पुन्हा मांडला गेला. या वेळी स्पायडर-मॅन धागा सोडत नाही, स्वतः उडी घेतो, ग्वेनला छातीशी धरतो आणि पाण्यावर आदळण्याचा मार आपल्या अंगावर घेतो. ग्वेन वाचते. तो तिला आपली खरी ओळख सांगतो, लग्नाची मागणी घालतो, लग्नही लागते. परंतु गॉब्लिनने, म्हणजे नॉर्मन ऑसबॉर्नने, स्पायडर-मॅनच्या ओळखीचा पुरावा आधीच वृत्तपत्राचा मालक जे. जोना जेमसन याच्याकडे पाठवून ठेवलेला असतो. जेमसन तो छापतो, लग्नाच्या ठिकाणी पोलीस येतात आणि नवरदेवाला नवरीला तिथेच सोडून पळून जावे लागते. ग्वेन जिवंत राहिली आणि पीटर पार्करचे, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचे, आयुष्य उघड्यावर आले.

पर्यायी शेवटाच्या कथा वाचकाला का खेचतात, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे आहे की आवडते पात्र मेले की आपल्याला ते जिवंत हवे असते, आणि या कथा ती हौस भागवतात. ग्वेनचीच कथा हे उत्तर खोटे पाडते. हौसच भागवायची असती, तर ती कथा लग्नाच्या पानावर संपवता आली असती. ती संपत नाही, कारण तिला एका निराळ्या गोष्टीत रस आहे. एक दुवा बदलला तर पुढची साखळी कशी बदलेल, कोणाला काय सोसावे लागेल आणि आज जे दुःख टळले त्याची जागा उद्या कोणते दुःख घेईल, हे ती शेवटपर्यंत पाहू इच्छिते. माझे म्हणणे असे आहे की सुपरहिरोंच्या कॉमिकमधील सर्वांत जबाबदार वाङ्मय याच कथांत सापडते, आणि ज्याला आपण पलायन म्हणून हिणवतो त्यात परिणामांचा विचार करण्याची एक शिस्त आहे. ती शिस्त आपल्या शाळांना आणि गावोगावच्या ग्रंथालयांना हवी आहे.

हे मुद्दाम म्हणावे लागते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत कॉमिक वाचणे हे अजून वाचनात धरले जात नाही. मुलाच्या हातात चित्रांचे पुस्तक दिसले की ‘अभ्यासाचे काही वाच’ असे सांगितले जाते. त्यात ती कथा ‘असे झाले असते तर’ या जातीची असेल, तर आक्षेप दुप्पट होतो. मुळात माणूस भिंतीवर चढतो ही गोष्ट खोटी, आणि त्या खोट्या गोष्टीतही जे घडले नाही ते कशाला वाचायचे? हा आक्षेप करणारी माणसे मुलांच्या भल्याचाच विचार करत असतात, म्हणून त्याला टाळून पुढे जाणे योग्य नाही. त्याचे उत्तर या कथांच्या घडणीतच सापडते.

अमेरिकन सुपरहिरोची मुख्य मालिका संपत नाही. सुपरमॅन १९३८ पासून आणि बॅटमॅन १९३९ पासून अखंड चालू आहे. ज्या कथेला शेवट नाही तिच्यात कोणतीही कृती कायमची होऊ शकत नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक काढायचा असतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या ७५व्या अंकात डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढताना सुपरमॅन मरण पावला. त्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या, वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या, आणि पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत आला. ही ‘खरी’ कथा होती. त्याच्या एकतीस वर्षे आधी, १९६१ मध्ये, सुपरमॅनच्या १४९व्या अंकात जेरी सीगल यांनी लिहिलेली एक ‘काल्पनिक’ कथा आली होती. सीगल म्हणजे सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. त्या कथेत सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लूथर सुधारल्याचे सोंग घेतो, कर्करोगावर औषध शोधतो, तुरुंगातून सुटतो, सुपरमॅनचा मित्र बनतो आणि मग त्याला फसवून, त्याला घातक असलेल्या क्रिप्टोनाइट या खनिजाच्या किरणांनी ठार मारतो. जगभरची माणसे अंत्यदर्शनाला येतात. कँडोर या, लघुरूप होऊन काचेच्या बाटलीत राहिलेल्या, सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरच्या नगरातील लोक लूथरवर खटला चालवतात. लूथर त्यांना सौदा देऊ करतो की मला सोडा, मी तुमचे नगर पुन्हा पूर्ववत मोठे करून देतो. ते नकार देतात आणि शिक्षा कायम करतात. सुपरमॅन परत येत नाही.

या दोन मृत्यूंपैकी वाचकाला दिलेला शब्द कोणता पाळतो? माझ्या मते, ज्याच्यावर ‘काल्पनिक’ अशी मोहोर होती तोच. त्या मोहोरेमुळे लेखकाला शेवट करण्याची मोकळीक मिळाली, आणि शेवट करता आला म्हणून मृत्यूला वजन आले. कँडोरच्या लोकांचा नकार मला त्या कथेतील सर्वांत मोठा प्रसंग वाटतो. आपले नगर परत मिळण्याची एकमेव संधी समोर असताना ते न्याय विकत नाहीत, आणि त्यांना तो नकार परवडतो असे कथा म्हणत नाही. ते त्या काचेच्या नगरातच राहतात. मुख्य मालिकेत असा नकार पुढच्या कुठल्यातरी अंकात धुऊन निघण्याची टांगती तलवार असतेच.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना या अडचणीवरचे एक वेगळे उत्तर ठाऊक आहे. १९६४ साली सुरू झालेली आणि १९९० मध्ये बंद पडलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत असे. भुसावळ किंवा चाळीसगावसारख्या स्थानकांवर गाडीची वाट पाहत ज्यांचे बालपण गेले, त्यांना त्यातला वेताळ, म्हणजे मुखवटा घालणारा जंगलातला नायक फँटम, आठवत असेल. वेताळ मरतो, आणि त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो, वाचकाला मात्र ठाऊक असते की हा एकविसावा आहे. वारशाची ही युक्ती सुंदर आहे, पण तिच्यात प्रश्न एकच उरतो: पद चालू राहील का? मेलेल्या माणसाऐवजी दुसऱ्याने वेगळा निर्णय घेतला असता तर काय झाले असते, याला तिथे जागा नाही.

शेवट बदलण्याची सत्ता थेट वाचकाच्या हाती दिली तर काय होते, याचा प्रयोगही झालेला आहे, आणि माझ्या म्हणण्याची ती दुसरी बाजू आहे. १९८८ मध्ये सुपरमॅन आणि बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशनसंस्थेने बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा किशोरवयीन साथीदार जेसन टॉड, याला एका स्फोटात अडकवले आणि तो जगावा की मरावा हे वाचकांनी दूरध्वनी करून ठरवावे असे जाहीर केले. दोन क्रमांक दिले होते, प्रत्येक फोनला पन्नास सेंट पडत होते. जेसन मरावा असे ५,३४३ मते म्हणाली, जगावा असे ५,२७१. केवळ ७२ मतांनी एक मुलगा मारला गेला. तो जगला तर वापरायची चित्रेही तयार ठेवलेली होती. या प्रयोगाला पर्यायी शेवटाचा प्रयोग म्हणणारे लोक आहेत, आणि मला ते सपशेल अमान्य आहे. मतदान करणाऱ्याला फक्त निकाल हवा होता. त्या निकालानंतर बॅटमॅन कसा जगेल, त्याचा जुना सेवक अल्फ्रेड काय म्हणेल, रिकाम्या खोलीचे काय होईल, यातले काहीही त्याला सोसायचे नव्हते. पर्यायी कथा वाचकाला निकाल देते तेव्हा त्याची किंमतही त्याच अंकात वसूल करते. जेसनलाही २००५ मध्ये मुख्य मालिकेत परत आणले गेले, म्हणजे त्या मतांनाही अखेर अर्थ उरला नाही.

निकाल हवा पण परिणाम नको, ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे, आणि आपल्या घराघरांत ती दरवर्षी ऐकू येते. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो. खेडा खरेदीला आलेला व्यापारी भाव सांगतो, तो कमी वाटतो, म्हणून कापूस घरातच भरून ठेवला जातो. माघ-फाल्गुनापर्यंत भाव चढला नाही, वजनात घट आली, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, की ‘दिवाळीतच देऊन टाकला असता तर’ हे वाक्य सुरू होते. त्या वाक्यात जे जग कल्पिलेले असते त्यात फक्त आपण बदललेले असतो. बाकी साऱ्या गावाने, साऱ्या तालुक्याने आपापला कापूस घरातच ठेवलेला असतो आणि व्यापारी तोच भाव देत उभा असतो. सगळ्यांनीच दिवाळीत कापूस बाजारात आणला असता तर तो भाव टिकला असता का, हा प्रश्न खंत करणारा विचारत नाही. चांगली पर्यायी कथा नेमका हाच प्रश्न विचारते. तिथे नायकाने एक पाऊल वेगळे टाकले की शत्रू, मित्र, वृत्तपत्र, पोलीस, बाजार, सगळे त्याला प्रतिसाद देतात. ग्वेन वाचल्यावर ऑसबॉर्न गप्प बसत नाही. खंत आणि पर्यायी कथा या दोन्ही ‘असते तर’पासून निघतात, आणि इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

ही परंपरा आपल्याकडे अमेरिकेतून आली असे मानण्याचे कारण नाही. भासाच्या नावावर असलेल्या तेरा नाटकांपैकी ‘पंचरात्र’ हे नाटक महाभारताचा पर्यायी शेवट आहे. यज्ञ पूर्ण झाल्यावर द्रोण दुर्योधनाकडे गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात. शकुनी अट घालतो की पाच रात्रींच्या आत पांडवांचा शोध लागला पाहिजे. विराटाच्या गाई पळवण्याच्या लढाईत पांडव उघडकीस येतात आणि दुर्योधन दिलेला शब्द पाळतो. अर्धे राज्य दिले जाते, कुरुक्षेत्राची गरजच उरत नाही. त्या नाटकात अभिमन्यू कौरवांच्या बाजूने लढायला येतो आणि भीम, म्हणजे त्याचा चुलताच, त्याला पकडून आणतो. ज्या प्रेक्षकाला चक्रव्यूह ठाऊक आहे त्याला हा प्रसंग पाहताना काय वाटले असेल याची कल्पना केली, म्हणजे पर्यायी कथेची ताकद कुठे असते ते कळते. समोर पोरगा हसतखेळत उभा आहे, आणि त्याचा दुसरा शेवट आपल्याला पाठ आहे.

विमलसूरीचे ‘पउमचरियं’ तर महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजांच्या घरातले. त्यात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, आणि हिंसेपासून दूर राहिलेला राम अखेर मोक्षाला जातो. इथे शेवट बदलण्यामागे करमणूक नव्हती. अहिंसा हे सर्वोच्च मूल्य मानले तर रामकथा कशी उभी राहील, या प्रश्नाचे ते गंभीर उत्तर होते.

आधुनिक मराठीत जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी शाळा-महाविद्यालयात वाचली असेल. तिची इंग्रजी आवृत्ती अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातही होती. इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो जिथे पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आणि मराठे जिंकले. दोन जगांतला फरक कथेत बखरीच्या मजकुरातून सिद्ध होतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि तिचा संबंध थेट धुळ्याशी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रांचा होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. कागद दाखवल्याशिवाय एक विधान न करणाऱ्या या परंपरेला ‘असे झाले असते तर’ची कथा शत्रू वाटेल, असा समज आहे. मला उलट वाटते. काय घडले हे तारखेनिशी ठाऊक नसेल तर काय घडले नाही याची कथा लिहिताच येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी कोण कुठे उभे होते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच एक गोळी हुकवण्याचा अधिकार आहे. बाकीचे जे लिहितात ती फुशारकी असते, आणि समाजमाध्यमांवर ती हवी तितकी मिळते.

याला जोडून एक सार्वजनिक मुद्दा आहे. अमेरिकन प्रकाशकांनी पर्यायी कथेवर कायम खूण ठेवली. साठच्या दशकात डीसी ‘काल्पनिक कथा’ असे छापत असे. १९७७ पासून मार्व्हलच्या मालिकेत उआटू नावाचा एक निरीक्षक सुरुवातीलाच सांगू लागला की मूळ जगात असे घडले होते आणि आता मी तुम्हाला दुसरे जग दाखवतो. १९८९ नंतर डीसीने अशा कथांसाठी ‘एल्सवर्ल्ड्स’ हे वेगळे चिन्ह आणले. या खुणेमुळे मूळ कथा सुरक्षित राहिली आणि पर्यायी कथाही निर्भय झाली. आपल्याकडे पूज्य व्यक्तींच्या बाबतीत जे वाद पेटतात त्यांतले बरेचसे, पर्याय हा पर्याय म्हणून न सांगता खरा इतिहास म्हणून सांगितल्यामुळे पेटतात. खूण करा आणि मग मोकळेपणाने लिहा, हा नियम लेखकाने पाळावा, आणि तो पाळला असेल तर समाजाने लेखकाला लिहू द्यावे.

आता या कथांवरचा सर्वांत जोरदार आक्षेप. ‘व्हॉट इफ’च्या जुन्या अंकांपैकी अनेकांचा शेवट भीषण आहे. नायकाने वेगळा निर्णय घेतला की कोणीतरी मरतो, कधी जगच संपते, आणि निरीक्षक गंभीर चेहऱ्याने निघून जातो. याचा अर्थ असा होत नाही का, की जे घडले तेच बरे होते आणि बदलाचा विचारही करू नये? हा आक्षेप खरा आहे, आणि आपल्या भागात तो अधिक टोचायला हवा. सातपुड्याच्या पाड्यावरच्या मुलाला किंवा हंगाम संपला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला ‘जे झाले तेच योग्य’ असे कोणतीही कथा शिकवत असेल, तर ती कथा तिच्या हातात देऊ नये असे मीही म्हणेन.

पण या कथांचे पुढे काय झाले हे पाहिले तर चित्र पालटते. १९७८ मध्ये ‘व्हॉट इफ’च्या दहाव्या अंकात ज्या हातोड्याने माणूस थॉर हा देव बनतो, तो डोनाल्ड ब्लेक या मूळ नायकाऐवजी जेन फॉस्टर या परिचारिकेला सापडला. त्या कथेच्या शेवटी हातोडा पुन्हा ब्लेककडे गेला, आणि जेनला थॉरच्या पित्याची, देवांचा राजा ओडिनची, राणी करून वाटेला लावले गेले. तो शेवट भित्रा होता. तरीही एका स्त्रीच्या हातात तो हातोडा एकदा दिसला होता, आणि दिसलेली गोष्ट वाचकांच्या डोळ्यांतून पुसता येत नाही. २०१४ मध्ये मुख्य मालिकेतच जेन फॉस्टर थॉर झाली, तेही कर्करोगाशी झुंजत असताना. हातोडा उचलला की तिच्या शरीरातून उपचाराचे औषध धुऊन निघायचे, म्हणजे प्रत्येक पराक्रमाने ती मृत्यूच्या अधिक जवळ जायची. पर्यायी कथेने छत्तीस वर्षे आधी टाकलेले बी मुख्य कथेत असे उगवले. ‘व्हॉट इफ’च्या पहिल्याच अंकात, स्पायडर-मॅन ‘फँटास्टिक फोर’ या चार नायकांच्या गटात सामील झाला असता तर, हा प्रश्न होता, आणि २०११ मध्ये तो खरोखर त्यांच्या गटात गेला. म्हणून मी त्या भीषण शेवटांकडे पहिल्या प्रयत्नातील भीती म्हणून पाहतो. प्रश्न एकदा छापला गेला की उत्तर पुन्हा लिहिता येते.

२०२३ मध्ये मराठीसह दहा भाषांत भारतात प्रदर्शित झालेल्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने हाच आक्षेप कथेच्या गाभ्याशी आणला. त्यात मुंबटन या कल्पित शहरातला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे. त्याच्या मैत्रिणीचे पोलीस अधिकारी वडील मरणार हे जणू ठरलेले असते. चित्रपटाचा नायक, दुसऱ्या जगातून आलेला स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस, त्यांना वाचवतो आणि ते जगच फाटू लागते. काही मृत्यू घडलेच पाहिजेत, त्याशिवाय नायक घडत नाही, असे सांगणारा मिगेल ओ’हारा हा आणखी एका जगातला स्पायडर-मॅन तिथे आहे, आणि ते मानायला नकार देणारा पंधरा वर्षांचा माइल्स आहे. माझी बाजू माइल्सची आहे. दुःखाने माणूस घडतो हे अनेकदा खरे असते, पण म्हणून दुसऱ्याच्या दुःखाची तजवीज करून ठेवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. चित्रपट शेवटी निकाल देत नाही, आणि तेही मला योग्य वाटते.

अलीकडे अशा जगांची इतकी गर्दी झाली आहे की एखादे पात्र मेले तरी शेजारच्या विश्वातून त्याची दुसरी प्रत आणता येते. ही गर्दी पर्यायी शेवटाच्या मुळावर उठलेली आहे. जगांमध्ये ये-जा सुरू झाली की कोणताच शेवट शेवट राहत नाही, आणि मुख्य मालिकेचा जुना रोग इथेही शिरतो. १९८५-८६ मध्ये डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या बारा अंकांत आपली सारी समांतर विश्वे पुसून टाकली होती, ती याच गुंत्याला कंटाळून. पुसलेली विश्वे पुढे परत आली, हे वेगळे सांगायला नको.

पर्यायाची उंची कुठे असते हे दोन उदाहरणांतून दिसते. २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी आलेल्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’त पीटरचा पवित्र झाला, ज्यांच्या खुनाच्या पश्चात्तापातून पीटर नायक झाला त्या काका बेनचे काका भीम झाले, कोळ्याच्या दंशाऐवजी योग्याने शक्ती दिली, धोतर आले, मुंबई आली. काका भीम मात्र काका बेनसारखेच मारले गेले आणि पवित्र पीटरसारखाच पश्चात्तापातून नायक झाला. गावाकडून आलेल्या मुलाला मुंबईच्या शाळेत टोचून बोलले जाते, हा त्यातला धागा आपल्याकडच्या मुलांना जवळचा वाटावा असा होता, पण कथा त्याच्यामागे गेली नाही. पोशाख बदलला, साखळी तीच राहिली. याउलट २००३ च्या ‘सुपरमॅन: रेड सन’मध्ये बाळाचे यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनच्या सामूहिक शेतावर उतरते, एवढाच बदल आहे. मुलगा तसाच दयाळू, तसाच बलवान. तरीही लोकांचे भले करता करता तो असे राज्य उभारतो ज्यात अपघात होत नाहीत, भूक नाही आणि मोकळा श्वासही नाही. सद्गुण माणसात असतात इतकेच मानून थांबता येत नाही, ते कोणत्या मातीत पडतात हेही मोजावे लागते, हे मला त्या तीन अंकांइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळाले.

ते यान तापीच्या खोऱ्यात उतरले असते तर? हा प्रश्न मला आपल्या मुलांनी सोडवायला हवा आहे. यावलच्या केळीच्या बागेत ते बाळ सापडले तर वाढेल कसे, धडगावच्या डोंगरात सापडले तर कसे? त्याची नोंद कोण करेल, जातीचा दाखला कोण मागेल, मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होताना ते कोणाची बाग आधी धरेल, आणि ज्याची धरली नाही तो दुसऱ्या दिवशी काय म्हणेल? या प्रश्नांची उत्तरे द्यायला मुलाला आपला तालुका बारकाईने ठाऊक असावा लागतो, आणि ते लिखाण अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत झाले तर अधिकच नेमके होईल.

खऱ्या माणसांबाबतही हे करता येते, फक्त हात जपून ठेवावा लागतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तो वाचला असता तर स्वातंत्र्याच्या पहाटे वीस वर्षांचा असता. त्या तरुणाने १९४७ नंतरच्या नंदुरबारात काय पाहिले असते, कशासाठी पुन्हा झेंडा उचलला असता, हे नववीतल्या मुलीने लिहून पाहिले, तर त्यात हुतात्म्याचा अनादर नाही. उलट त्याच्यापासून काय हिरावले गेले याचा हिशेब पहिल्यांदाच कोणीतरी मांडला, असे होईल. दरवर्षीच्या पुष्पहाराने तो हिशेब मांडला जात नाही.

म्हणून मागणी ठोस आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणारी अ ते ड वर्गांची ग्रंथालये खानदेशात तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्या बालविभागात थोरांची तीच ती चरित्रे असतात, त्यांच्या शेजारी निवडक कॉमिक ठेवावीत, आणि पर्यायी शेवटाची पुस्तके मूळ अंकासोबतच द्यावीत, कारण ग्वेन मेलेली ज्याने पाहिली नाही त्याला ती वाचलेली पाहून काही कळणार नाही. शाळांनी निबंधाच्या जागी वर्षातून एकदा असे लिखाण घ्यावे. त्यात बदल एकच करायचा, तो कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या पानावरचा हे लिहायचे, बाकीचे जग जसेच्या तसे ठेवायचे आणि त्या बदलानंतरची निदान पाच वर्षे पुढे न्यायची. गुण देताना शेवट सुखाचा की दुःखाचा हे पाहू नये. बदललेल्या प्रसंगाला कथेतल्या कोणकोणत्या माणसांनी प्रतिसाद दिला, आणि कोणाला लिहिणारा विसरला, एवढेच शिक्षकांनी समासात लिहावे आणि वही परत द्यावी, म्हणजे विसरलेल्या माणसासाठी ती कथा पुन्हा लिहिता येईल.